पुढं गेलेल्याची खूण

१

मार्च महिना होता. नारायणगावच्या शाळेत दादाभाऊ आठवीच्या वर्गाला वाऱ्यांच्या दिशा शिकवत होते, आणि खिडक्या सताड उघड्या असूनही वारा कुठूनच येत नव्हता. मधली सुट्टी झाली. स्टाफरूममध्ये चहा आला. दादाभाऊंनी कपावर बशी झाकली आणि मोबाईल काढून नेहमीचं काम केलं: किर्गिझस्तानातल्या खिंडी यंदा कधी मोकळ्या होतील ते पाहिलं. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, बर्फावर अवलंबून, असं लिहिलेलं होतं. काल तेच होतं, परवाही तेच.

सकाळी जीपमध्ये यावरूनच दोघा भावांचं वाजलं होतं. दादाभाऊंचा धाकटा भाऊ कुंडलिक नारायणगाव ते निरगुडसर वडापची, म्हणजे सीट भरल्या की सुटणारी, जीप चालवायचा. लोणीतल्या घरून दोघं रोज एकत्र निघत. कुंडलिकच्या डाव्या हाताची पुढची सीट दादाभाऊंची, तिथं दुसरं कुणी बसायचं नाही. "जूनला जायचं म्हंजी जायचं," कुंडलिक म्हणाला होता. "बर्फ आसंल तर ढकलू राव." दादाभाऊ म्हणाले होते, "बर्फ ढकलायला तो काय टमाट्याचा क्रेट आहे?" त्यावर कुंडलिक हसला होता आणि शाळेच्या फाटकाशी उतरवताना नेहमीसारखा हॉर्न वाजवून निघून गेला होता.

फोन वाजला. स्टँडवरचा दुसरा जीपवाला सावळाराम होता.

"सर, तास चालूय का?"

"सुट्टी आहे. बोल."

"जरा स्टँडवर येता का? कुंडलिकभाऊ उठंना."

"झोपला असेल रे. हलव जरा."

"हलवलं सर," सावळाराम म्हणाला. "तुमी याच."

स्टँडवर नेहमीसारखी गर्दी होती. टोमॅटोची पिकअप आडवी लागली होती आणि कुणीतरी तिच्या ड्रायव्हरला शिव्या देत होतं. कुंडलिकची जीप लिंबाखाली उभी होती. लोकांनी वाट करून दिली. कुंडलिक स्टिअरिंगसमोर नव्हता. तो डाव्या सीटवर बसला होता, पाठ ताठ, डोळे मिटलेले. निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. डाव्या हाताची मूठ काहीतरी धरल्यासारखी वळलेली, गुडघ्यावर टेकलेली. उजवा हात गिअरवर.

"मला वाटलं डुलकी लागली," सावळाराम म्हणाला. "पर ह्या बाजूला कशाला बसला आसंल?"

दादाभाऊंना ते माहीत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. तिकडे, किर्गिझस्तानात, गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. कुंडलिक प्रॅक्टिस करत होता.

२

हे सगळं दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओपासून सुरू झालं. कुंडलिकनं जेवता जेवता मोबाईल पुढे केला होता. "दादा, ही बघ, आपली माणसं." हिरवीगार पठारं, पांढरे गोल तंबू, घोड्यावर बसलेला टोपीवाला म्हातारा आणि समोर डोंगर भरून मेंढरं.

त्यांच्या घरात मेंढरं वडिलांपर्यंत होती. वडील म्हस्कू दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि सगळं बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरत आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत येत. दादाभाऊ शिकले, मास्तर झाले. कुंडलिकचं शाळेत मन लागलं नाही आणि लग्नही जमलं नाही. तो गाडीवर रमला. आता घरी चारच मेंढरं होती, आई गजराबाईच्या जिवाला विरंगुळा म्हणून.

व्हिडिओचं खूळ झालं आणि खुळाचा बेत झाला. तंबू टपावर बांधलेली दणकट गाडी भाड्यानं घ्यायची, स्वतः चालवायची. खिंडी चढायच्या, सोनकुल नावाच्या उंचावरच्या तळ्याकाठी घोड्यावर बसायचं, एक डोंगर पायी ओलांडायचा, फेसाळत्या नदीत रबराची होडी सोडायची.

"विहिरीत पोहता येत नाही, आणि नदीत होडी घालणार," दादाभाऊ म्हणाले.

"जाकीट देत्यात दादा. बुडू देत न्हाईत."

"तिकडं बी मेंढरंच हायती व्हय?" गजराबाईनं विचारलं. "मग हितल्या मेंढरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

दादाभाऊंची बायको आशा भाकरी थापता थापता सासूला म्हणाली, "शाळा शिकून मेंढरांतून सुटले, आणि आता विमानानं परत मेंढरांत निघालेत, आत्या."

पण पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं, प्राचीनं, जूनची तिकिटं काढली तेव्हा आशानंच दोघांसाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले.

नकाशा मोबाईलवर कुंडलिकला समजत नसे. म्हणून त्यानं तो नारायणगावात फ्लेक्सवर छापून आणला. दुकानदारानं सवयीनं विचारलं होतं, "वाढदिवस कुणाचा हाय?" कुंडलिक म्हणाला, "एका देशाचा." गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, कुंडलिकची. तिच्या फरशीवर तो फ्लेक्स पसरला की भिंतीकडेनं चालायला वीतभर जागा उरे. त्या नकाशावर कुंडलिकनं पेननं रेघ म्हणून मारली नाही. त्यानं खुणा मांडल्या, वडील मांडायचे तशा.

वाडा चालू लागण्याआधी एक माणूस पुढं जायचा. रान बघायचा, पाणी बघायचा. जिथं वाट फुटेल तिथं तीन दगड रचून त्यावर बाभळीची काटकी ठेवायचा. टोक जिकडं, तिकडं यायचं. पुढं चारा नसला, गावकरी भांडणारे असले, तर काटकी वाटेवर आडवी ठेवायची: इकडं येऊ नका. मागून बायका, पोरं, घोडी, मेंढरं येत. सगळ्यात शेवटी चालणारानं खूण मोडायची, दगड पांगवायचे, काटकी खांद्यावरून मागं टाकायची. खूण मोडली म्हणजे मागं कुणी राहिलं नाही.

एकदाच चूक झाली होती. कुंडलिक तेव्हा शाळेत जायच्याही वयाचा नव्हता. माळशेजच्या अलीकडे सगळे पुढं गेले असं समजून म्हस्कूंनी खूण मोडली आणि चालू लागले. कुंडलिक करवंदीच्या जाळीत मागं राहिला होता. ध्यानात आल्यावर सगळे उलटे धावले. पोरगं फाट्यावरच्या झाडाखाली मांडी घालून बसलं होतं. रडत नव्हतं. "आरं, हाक का मारली न्हाई?" म्हस्कूंनी विचारलं. तेव्हा ते म्हणालं, "खूण न्हवती. मग मी बसलो."

हे घरात पुढं वर्षानुवर्षं हसून सांगितलं जाई.

३

लोणीतून स्मशानाकडे जायला दोन वाटा आहेत. एक ओढ्यातून, जुनी; दुसरी डांबरी, लांबून. दोन्ही जिथं फुटतात तिथं एक बाभूळ आहे. प्रेत तिथंच विसाव्याला टेकवतात.

दादाभाऊ विस्तवाचं मडकं धरून पुढे होते. निरगुडसरचे पाहुणे अजून पोचायचे होते. ते डांबरीनं गेले असते आणि लांब पडले असते. विसाव्याला सगळे टेकले तेव्हा दादाभाऊ खाली बसले, आणि हात आपोआप चालले. तीन दगड, वर काटकी, टोक ओढ्याकडे. कुणी काही म्हटलं नाही. पाहुण्यांना ती खूण कळणार होती, ते तशाच घरातले होते.

पुढं सगळं रीतीनं झालं. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन ते चितेभोवती फिरले, आणि मागून कुणीतरी दगडानं मडक्याला भोक पाडलं. तो दगड म्हणजे जीवखडा. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात असतो, असं मानून तो जपायचा आणि मग पाण्यात सोडायचा. दादाभाऊंच्या हातात तो दिला गेला तेव्हा त्यांनी पाहिलं: काळा, मुठीएवढा, मधून एक पांढरी रेघ. फाट्यावर त्यांनी रचलेल्या तिनातला तो एक होता. घाईत कुणीतरी तिथूनच उचलून आणला होता.

अग्नी दिल्यावर मागं वळून बघायचं नाही. दादाभाऊ सगळ्यांच्या पुढं चालत परत आले. बाभळीपाशी खूण उभी होती, दोनच दगडांवर. ती त्यांना मोडता येत नव्हती. माणसं अजून मागून येत होती. आणि जे शेवटी येत होते ते कुंडलिकच्या स्टँडवरचे ड्रायव्हर होते, मंचरचे, नारायणगावचे. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. दादाभाऊ खुणेजवळून पुढं गेले. मागं वळून बघायचं नव्हतं.

४

दहाव्याला जीवखडा दादाभाऊंनी स्वतःच्या हातानं नदीच्या पाण्यात सोडला. बुडताना तो डुबुक वाजला. तो आवाज पुढे कितीतरी दिवस त्यांच्या कानात होता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ते वरच्या खोलीत गेले. पत्रा उन्हानं तडतडत होता. नकाशा तसाच पसरलेला होता, विमानतळाच्या शहरापासून निघालेल्या खुणा तशाच. बारीक खडे, वर बाभळीचा काटा. शेवटची खूण सोनकुलच्या फाट्याच्या अलीकडेच मांडलेली होती. तिथून पुढं दोघांनी काही मांडलं नव्हतं, कारण तिथंच भांडण अडलं होतं. तळ्याकडे दोन रस्ते जात. दादाभाऊंना सौम्य चढाचा, पसरट रस्ता हवा होता. कुंडलिकला नागमोडी खिंड हवी होती. "त्या वळणावर गाडी घातली न्हाई तर ड्रायव्हर कशाला झालो?" हे त्याचं म्हणणं.

आता फाट्यावरही खूण होती. काट्याचं टोक खिंडीकडे.

दादाभाऊंनी वाकून काटा नीट पाहिला. मग त्यांनी स्वतःला समजावलं. कुंडलिकनं जायच्या आदल्या रात्री ठरवून टाकलं असेल; भांडण मिटवायची त्याची तीच रीत होती. त्यांनी त्या खुणेचे खडे उचलून खिडकीत ठेवले आणि खाली आले. "वर कुणी गेलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"मी तर झाडायलाही गेले नाही," आशा म्हणाली. "हात होत नाही. आत्यांना जिना चढवत नाही. का?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ते पुन्हा वर गेले. खूण फाट्यावर होती, टोक खिंडीकडे. खिंड ओलांडून पलीकडे, तळ्याच्या काठाला, आणखी एक होती. खिडकीत काही नव्हतं.

उंदीर असतील. उंदीर चमकणाऱ्या वस्तू नेतात. खडे काही चमकत नव्हते. फ्लेक्स उन्हानं आकसतो, रात्री सैल पडतो, त्यानं वस्तू सरकतात. सरकतात, पण रचल्या जात नाहीत. भूगोल शिकवणाऱ्या माणसानं कारण शोधावं, म्हणून ते दर वेळी कारण शोधत, आणि दर वेळी ते कारण जिना उतरेपर्यंत टिके.

खरी गोष्ट त्यांनी आशालाही सांगितली नाही. ती ही की त्यांना भीती वाटली नव्हती. शाळा सुटताना ते घड्याळाकडे बघू लागले होते. एसटीत बसले की आज खूण कुठवर गेली असेल याचा विचार करत. घरी येऊन चहाही न घेता वर जात आणि फरशीवर बसून बोलत.

"अरे, त्या बाजूला डिझेल मिळत नाही. मी वाचलंय."

दुसऱ्या दिवशी खूण डिझेल मिळणाऱ्या गावातून वळसा घालून गेलेली असे.

"आणि नदीचं काय? होडीचं?"

नदीच्या वळणावर दोन खडे शेजारी शेजारी, जणू दोघं बसलेत.

एकदा त्यांनी तळ्याच्या काठचा दगड हातात घेतला. बाकीचे खडे बोराएवढे होते, हा मुठीएवढा होता. काळा, मधून पांढरी रेघ. इकडच्या माळावर असे दगड ढिगानं सापडतात. पण तो ओला होता, आणि बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्याला भाजत असताना तो इतका गार होता की त्यांच्या तळहातात कळ आली.

५

"तिकिटांचं काय करायचं?" प्राचीनं फोनवर विचारलं. "बाबा, रद्द करते."

"थांब जरा."

"थांबून काय? तुम्ही एकटे जाणार आहात का?"

"एकटा कुठं?" दादाभाऊ म्हणाले. मग पलीकडची शांतता ऐकून म्हणाले, "म्हणजे, बघतो. सांगतो."

आशा दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. मोज्यांचा एक जोड पुरा झाला होता, दुसऱ्याचा एकच पाय विणून झाला होता आणि तो तसाच सुईवर होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही वर कुणाशी बोलता?"

"मोठ्यानं वाचतो."

"मी जिन्यात उभी राहिले होते काल. तुम्ही बोलून थांबत होता. कुणी उत्तर देईपर्यंत थांबतात तसे."

त्या संध्याकाळी गजराबाई मेंढरं घेऊन लवकर परतली. अंगणात बसून ती दादाभाऊंची वाट बघत होती. कुंडलिक गेल्यापासून ती कमी बोलायची आणि जेवढं बोलायची तेवढं सरळ बोलायची.

"आरं भाऊ, बाभळीपाशी खूण कुनी मांडली?"

"मी मांडली होती, आई. पाहुण्यांसाठी."

"मग मोडली का न्हाई?"

"राहिली."

"मेंढरं तितनं म्होरं जाईनात. चार दिस झालं. तितं गेली का थांबत्यात आन् टकामका बघत्यात. कुनी वळकीचं बसल्यावानी." ती काठीनं माती उकरत राहिली. "जा, मोडून टाक."

दादाभाऊ तिच्याशेजारी ओट्यावर टेकले. "आई, मोडायची म्हणजे मागं कुणी राहिलं नाही, असंच ना?"

"तसंच."

"आणि राहिला असला तर?"

गजराबाईनं काठी जमिनीत रोवली. आतून येणारा आशाच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"राहिला आसंल," ती म्हणाली. "माझं लेकरू हाय, मला ठावं हाय ते. खूण नसली का बसून ऱ्हातंय. पर तू हितं खुना बघत चाललाय, त्येबी मला दिसतंय. तुझं बी जेवान तुटलंय. आरं, एक म्होरं गेला. दुसरा त्येच्या मागं गेला, तर मी हाका कुनाला मारू?"

 दादाभाऊंनी आईचा हात हातात घेतला. तो काठीवरून निघत नव्हता.

६

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आशा गजराबाईला डोळे दाखवायला मंचरला घेऊन गेली होती. दादाभाऊ वर गेले.

नकाशावर एकही खूण नव्हती. विमानतळ, खिंड, तळं, नदी सगळं मोकळं. निळा-हिरवा फ्लेक्स तेवढा पसरलेला, आणि त्याच्यावर कुणी नुकतंच चालून गेल्यासारखी मधोमध एक सुरकुती. मग त्यांना दिसलं. फ्लेक्स जिथं संपतो तिथून पुढं, उघड्या फरशीवर, दाराच्या दिशेनं खूण होती. पुढची उंबऱ्यावर होती, टोक जिन्याकडे.

खोलीत पत्रा तडतडायचा थांबला होता. बाहेर ऊन तेवढंच होतं.

ही वेळ उलटं फिरायची आहे, हे दादाभाऊंना नीट कळत होतं. डोकं ठिकाणावर होतं. ते पुढेही कधी हे नाकारणार नव्हते. एका मनानं त्यांनी सगळी कारणं एकदा आठवून पाहिली, उंदीर, फ्लेक्स, स्वतःचे हात. आपणच झोपेत हे करत असू, हेही त्यांनी मान्य केलं. मग ते जिना उतरले. पायरीवर एक खूण होती. अंगणात एक. शेवटची जीपपाशी.

जीप त्या दिवसापासून ताडपत्रीखाली उभी होती. सावळारामनं ती आणून लावली होती आणि नंतर तिला कुणी हात लावला नव्हता. ताडपत्री एका बाजूनं दुमडलेली होती, आणि उजवीकडचं दार उघडं होतं. ड्रायव्हरचं. काट्याचं टोक त्या सीटकडे होतं.

दादाभाऊंना गाडी येत होती, पण या जीपमध्ये ते या बाजूला कधी बसले नव्हते. ते बसले. ताडपत्रीमुळे आत पिवळा, घट्ट अंधार होता. डिझेलचा, रेक्झिनचा आणि कुंडलिकच्या तंबाखूचा वास. त्यांनी स्टिअरिंगवर उजवा हात ठेवला. समोरच्या काचेवर धूळ होती, तिच्यात काही दिसत नव्हतं. डावीकडे बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण त्यांनी बघितलं नाही.

त्यांनी डावा हात गिअरवर ठेवला. गोटी बर्फासारखी गार होती.

चावी गाडीत नव्हती. इंजिन बंद होतं. तरी हाताखाली गिअर हलला. धसका न देता, सवयीच्या हातानं, हळूच पुढं सरकला आणि पहिल्यात पडला. आणि गाडी निघायच्या आधी असते तशी एक वाट बघणारी शांतता आत पसरली. दादाभाऊंच्या छातीत डाव्या बाजूला काहीतरी आवळलं गेलं. ते दुखणं नव्हतं. थंडी होती, उंचावरची, आणि ती बरी वाटत होती. पाय कधीच क्लचवर गेला होता; तो फक्त उचलायचा होता.

डोळ्याच्या कडेला निळ्या शर्टाची दुमडलेली बाही होती. कोपर होतं. त्यापलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"कुंडल्या," ते म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांनी त्याला असं म्हटलं नव्हतं. "तिकडं थंडी लई आसंल रे."

त्यांनी गिअरवरचा हात तसाच ठेवला.

"मी आलो असतो. खरंच आलो असतो. तिकिटं अजून आहेत." ते समोरच्या काचेवरच्या धुळीकडे बघत होते. "पण आई म्हणते, दोघं गेल्यावर हाका कुणाला मारू."

 ताडपत्री एकदा फुगली आणि खाली बसली. मग हाताखाली गिअर परत हलला. पहिल्यातून मागं आला, मध्ये थांबला, न्यूट्रलला. दोनदा इकडेतिकडे हलवून पाहिला गेला, ड्रायव्हर गाडी सोडून उतरताना पाहतो तसा. आणि हळूहळू गोटी कोमट झाली.

दादाभाऊ उतरले आणि वळसा घालून पलीकडे आले. डावीकडचं दार बंदच होतं. सीटवर दोन महिन्यांची धूळ होती, पुसली न गेलेली. गिअरच्या गोटीवर मात्र एक ओला ठसा होता, आणि तो त्यांच्या हाताचा नव्हता; त्यांचा हात कोरडा होता.

७

तिकिटं त्यांनी प्राचीला त्याच संध्याकाळी रद्द करायला सांगितली. आशानं सुईवरचा मोजा उसवला आणि लोकर गुंडाळून ठेवली. जीप सावळारामनं घेतली; दादाभाऊंनी त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या डाव्या सीटवर शक्यतो कुणाला बसवू नकोस. "न्हाई बसवत सर," तो म्हणाला, आणि का ते त्यानं विचारलं नाही.

वरच्या खोलीतला फ्लेक्स गुंडाळायला गेले तेव्हा त्याच्यावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशीही. आता खूण उरली होती ती एकच.

ज्या दिवशी त्यांचं विमान उडायचं होतं, त्या सकाळी दादाभाऊ बाभळीपाशी गेले. ऊन चढलेलं नव्हतं. मागून गजराबाईची मेंढरं येत होती, त्यांच्या घंटा वाजत होत्या. खूण उभी होती. तिला तीन दगड होते. खालचा काळा, मधून पांढरी रेघ, ओला.

आणि वरची काटकी वाटेवर आडवी ठेवलेली होती.

दादाभाऊ तिच्यासमोर बसले. त्यांना ते वाचता येत होतं; वडिलांनी दोघांनाही एकाच वेळी शिकवलं होतं. पुढं गेलेला माणूस सांगत होता, इकडं येऊ नका.

मेंढरं आली. फाट्यावर जरा थांबली, मान वर करून बाभळीच्या बुंध्याकडे बघितलं, आणि मग वळून डांबरीच्या वाटेनं चालू लागली. त्यांच्या मागून गजराबाई आली. तिनं काटकी पाहिली. डोळ्यांवर हात धरून ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं.

"श्यानं हाय माझं लेकरू," ती म्हणाली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तूच शेवटचा. मोड."

आणि ती मेंढरांमागं गेली.

दादाभाऊंनी हात पुढं केला. खालचा दगड ओढला की झालं असतं. बाकीचे आपोआप कोसळले असते. काटकी खांद्यावरून मागं टाकायची, न बघता चालू लागायचं. बाभळीची सावली पातळ होती, आणि तिच्यात बुंध्याला टेकून मांडी घालून बसता येईल एवढी जागा होती. गवत तेवढंच दबलेलं होतं, लहान पोराच्या बैठकीएवढं.

त्यांनी हात मागं घेतला. गुडघ्यांवर भार देऊन उठले आणि घराकडे निघाले.

खूण मोडायची राहिली आहे.